व्होल्वो 240 चा टायमिंग बेल्ट: तीन खुणा, दोन फेरे आणि एक खिळा

व्होल्वो 240 च्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर टायमिंग बेल्ट बदलताना तीन खुणा मिळवाव्या लागतात: खाली क्रँकची (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट), वर कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि मधल्या शाफ्टची. पहिल्या दोन जवळजवळ सगळेच नीट मिळवतात. तिसरी हुकते. ती हुकली तरी गाडी चालू होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग लोक प्लग बदलतात, वायरी बदलतात, इंजेक्शनला दोष देतात, आणि खरं कारण बेल्टच्या कव्हरामागे तसंच राहतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा खुणांना दिली आहे. फॅन आणि कव्हर काढणं हा त्यामानाने सोपा भाग आहे.

आधी आपलं इंजिन कुठलं ते बघा. 240 ही गाडी 1974 ते 1993 अशी बनत होती. तिच्यावरची बी-21, बी-23 आणि बी-230 ही आठ व्हॉल्व्हची इंजिनं, म्हणजे शौकिनांच्या बोलीतली ‘रेडब्लॉक’, इथे धरली आहेत. अमेरिकेत गेलेल्या अगदी सुरुवातीच्या 240 वर जुनं बी-20 आहे. ते पुशरॉडचं इंजिन, त्याला हा बेल्टच नाही. 240 चीच बहीण असलेल्या 260 मधल्या व्ही-6 ला चेन असते. सहा सिलिंडरचं डिझेल मुळात फोक्सवॅगनचं आहे. त्याला बेल्ट असतो, पण पद्धत पूर्ण वेगळी. पुढचं वाचून डिझेलला हात लावू नका.

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेल्यांना एक सवय सोडावी लागेल. तिथे टायमिंगची चेन पत्र्याच्या कव्हरामागे तेलात फिरते. इथे बेल्ट कोरडा चालतो आणि तेल हाच त्याचा शत्रू. बेल्टवर तेल दिसलं तर नुसतं पुसून भागत नाही. ते कुठून आलं ते शोधावं लागतं.

बेल्ट कसा फिरतो

इंजिनासमोर उभे राहा. क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बेल्ट क्रँकच्या खालून वळसा घेतो. तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला मधला शाफ्ट आहे, वर कॅम आहे, डाव्या बाजूला टेन्शनरचा रोलर. फिरताना क्रँक उजवी बाजू खाली खेचतो, म्हणून ती कायम ताठ असते. झोल जमतो तो डावीकडे, आणि तो खायलाच टेन्शनर तिथे बसवला आहे. ‘कुठली बाजू ताठ ठेवायची’ या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

मधला शाफ्ट ऑइल पंप चालवतो आणि 240 वर प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटरही तोच फिरवतो. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरलाच डेल्को म्हणतात. व्होल्वोच्याच 740 आणि 940 या गाड्यांच्या बहुतेक आठ-व्हॉल्व्ह इंजिनांवर डिस्ट्रिब्युटर कॅमच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तिथे मधली खूण थोडी इकडेतिकडे झाली तर फारसं बिघडत नाही. इंटरनेटवर ‘मधल्या शाफ्टची काळजी करू नका’ असा सल्ला सर्रास दिसतो तो त्या गाड्यांचा आहे. 240 ला तो लागू नाही.

एक दिलासा आहे. या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी साधारणपणे पिस्टन व्हॉल्व्हला भिडत नाही. गाडी जागच्या जागी बंद पडते, नवा बेल्ट टाकला की चालू होते. 740 आणि 940 वरच्या सोळा व्हॉल्व्हच्या बी-234 मध्ये व्हॉल्व्ह वाकतात. याचा कामात फायदा असा की बेल्ट काढलेला असताना कॅम हाताने थोडा पुढेमागे केला तरी काही मोडत नाही.

सामान

बेल्ट, टेन्शनरचा रोलर, आणि कॅम, मधला शाफ्ट व क्रँक यांची पुढची तीन ऑइल सील. रोलर जुना ठेवून पैसे वाचवू नका. बेल्ट 80,000 किमी जाईल आणि रोलर 20,000 ला घुरघुरायला लागेल, तर पुन्हा हाच सगळा खटाटोप. अल्टरनेटरचे व्ही-बेल्ट निघणारच आहेत, तडे गेले असतील तर तेही नवे घ्या. पाण्याचा पंप या इंजिनात टायमिंग बेल्टवर चालत नाही, बाहेरच्या व्ही-बेल्टवर चालतो. तो गळत नसेल तर राहू द्या.

नवा बेल्ट जुन्याशेजारी धरून दातांचा आकार बघा. जुन्या बेल्टचे दात चौकोनी कडांचे, उत्पादनाच्या शेवटच्या काळातल्यांचे गोलसर. गोल दातांचा बेल्ट चौकोनी खाचांच्या पुलीवर बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. दुकानदाराच्या यादीपेक्षा या वेळी डोळ्यांवर भरवसा ठेवा.

हत्यारांत 10, 12, 17 आणि 24 मिमीचे सॉकेट, टॉर्क रेंच, कोन मोजायची चकती, आणि 3 मिमीचं ड्रिल बिट किंवा तेवढ्याच जाडीचा खिळा. हा खिळा विसरलात तर टेन्शनरची स्प्रिंग दाबून धरायला तिसरा हात लागेल.

उघडणं

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. फॅन पाण्याच्या पंपावर 10 मिमीच्या चार नटांनी बसलेला असतो. व्ही-बेल्ट अजून ताठ असतानाच हे नट सैल करा. बेल्ट आधी काढलेत तर पुली नटाबरोबर फिरत राहील आणि ती धरायची सोय उरणार नाही. मग श्राउड (फॅनभोवतीचं आवरण), फॅन, व्ही-बेल्ट आणि पंपाची पुली काढा. कुठला बेल्ट कुठल्या खाचेत होता त्याचा फोटो काढून ठेवा. वरचं कव्हर काढा. चारही स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं आणि खुणेवर नेमकं थांबवता येतं. हे दहा मिनिटांचं काम आळसाने टाळू नका.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणणं

क्रँकच्या मधल्या बोल्टवर 24 चा सॉकेट लावून इंजिन काट्यांच्या दिशेने फिरवा. कॅमच्या पुलीवरची खूण वरच्या बाजूला, मागच्या पत्र्यावरच्या किंवा व्हॉल्व्ह कव्हरवरच्या खुणेसमोर आली की थांबा. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे फिरवून जुळवू नका. आणखी दोन फेरे फिरवून परत तिथे या. उलट फिरवलं की झोल ताठ बाजूला जातो आणि दिसतं ते खरं नसतं.

आता दोन ठिकाणी खात्री करा. ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा: पहिल्या सिलिंडरचे कॅमचे दोन्ही उंचवटे सशाच्या कानांसारखे वर तोंड करून दिसले पाहिजेत. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा. आत फिरणाऱ्या रोटरचं टोक डिस्ट्रिब्युटरच्या काठावरच्या बारीक खाचेकडे असलं पाहिजे. कॅम बरोबर दिसतोय आणि रोटर मात्र त्या खाचेपासून दूर आहे, तर आधी कोणीतरी मधला शाफ्ट चुकवून ठेवला आहे असं समजा. रोटर कुठे आहे त्याचा फोटो घ्या, पुढे लागेल.

बाहेरच्या क्रँक पुलीवरच्या खुणेवर मात्र विसंबू नका. बी-230 च्या पुलीत आतला आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये रबराचं कडं आहे. तीस-चाळीस वर्षांनी ते रबर सुटतं, बाहेरचं कडं आतल्या भागावर सरकतं आणि त्यावरची शून्याची खूणही त्याच्याबरोबर सरकते. कॅम आणि रोटर एक सांगतात आणि पुली दुसरंच, अशा वेळी खोटं बोलते ती बहुधा पुली. खरी खूण तिच्या मागे आहे. पुलीचं रबर फुगलेलं किंवा बाहेर आलेलं असेल तर पुली बदला, कारण ते कडं धावत्या गाडीत पूर्ण सुटलं तर बेल्टचं कव्हर फाडून आत घुसतं.

क्रँकचा बोल्ट

हा बोल्ट हट्टी असतो. हाताचे गिअर असतील तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. ऑटोमॅटिक असेल तर पुलीच्या भोकांत बसणारी धरण्याची पट्टी लागते. पाना चॅसीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती अनेक जण सांगतात. पाना सटकला तर रेडिएटर जातो, नाहीतर मनगट. शिवाय इंजिन खुणेवरून हलतं ते वेगळंच. इंजिन थांबवण्यासाठी कॅमची पुली धरून ठेवणंही नको, सगळा जोर बेल्टच्या दातांवर येतो.

बोल्ट सुटताना क्रँक थोडा मागे फिरतोच. म्हणून सैल झाल्यावर पुन्हा पुढे फिरवून कॅमची खूण मिळवा, मगच बोल्ट पूर्ण काढा. पुली हाताने हलवत ओढा. पुलर लावायची वेळ आली तर तो बाहेरच्या कड्याला अडकवू नका, रबर तिथेच फाटेल.

खालचं कव्हर निघालं की खरी खूण दिसते. क्रँकच्या दातेरी पुलीमागे बेल्टला आत सरकू न देणारी एक पातळ चकती आहे. तिच्या काठावर खूण आहे आणि ऑइल सीलच्या घरावर तिच्यासमोर उंचवटा. दोन्ही तेलकट काजळीखाली दडलेले असतात. चिंधी आणि ब्रेक क्लीनरने पुसा, खाचेत पांढऱ्या रंगाचा एक थेंब सोडा. मधल्या शाफ्टच्या पुलीवरही खूण आहे, समोर मागच्या पत्र्यावर दुसरी. तिथेही पांढरा थेंब.

जुना बेल्ट काढण्यापूर्वी तिन्ही खुणांचा अगदी समोरून एक फोटो घ्या. तिरकं बघितलं तर अर्ध्या दाताची फसगत होते. जुन्या बेल्टवर ठिपके मारून तेच नव्या बेल्टवर उतरवायची पद्धत चालते, पण जुना बेल्ट बरोबर बसवलेला असेल तरच. नाहीतर मागच्या मिस्त्रीची चूक तुम्ही मोठ्या काळजीने पुढे चालवता.

बेल्ट काढणं, सील बघणं

टेन्शनरचा 17 चा नट सैल करा, रोलर स्प्रिंगच्या विरुद्ध मागे रेटा आणि दांड्याच्या भोकात खिळा घाला. रोलर मागेच अडकून राहील. बेल्ट काढा.

आता टॉर्च घेऊन तिन्ही शाफ्टच्या मुळाशी बघा. कॅमच्या खाली ओघळ असेल तर कॅमचं सील, फक्त खालचा भाग ओला असेल तर क्रँकचं किंवा मधल्याचं. सगळीच गळत असतील तर दोष सीलचा नसण्याची शक्यता जास्त. या गाडीत इनटेक मॅनिफोल्डखाली फ्लेम ट्रॅप नावाची प्लास्टिकची छोटी जाळी आहे. इंजिनाच्या पोटातली वाफ तिच्यातून बाहेर जाते. ती काळ्या चिकट मळाने भरली की पोटात दाब साठतो आणि सील बाहेर ढकलली जातात. दाब तपासायची सोपी रीत: इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणाच्या जागी रबरी हातमोजा बसवा. मोजा आत ओढला गेला तर ठीक, फुगून उभा राहिला तर जाळी आणि तिच्या नळ्या साफ करा. तसं न करता नवी सील टाकली तर तीही थोड्याच दिवसांत गळतील आणि नवा बेल्ट तेलात भिजेल.

सील बसवताना ओठाला तेलाचं बोट लावा आणि योग्य मापाच्या सॉकेटने सरळ आत सारा. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर अलीकडे ठेवा, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येईल. कॅम आणि मधल्या शाफ्टच्या पुलीचे बोल्ट परत 50 न्यूटन-मीटरला आवळा.

बेल्ट चढवणं

नव्या बेल्टच्या पाठीवर सहसा रेषा असतात. जवळजवळ असलेल्या दोन रेषा क्रँकच्या खुणेवर येतात, एकेक रेष मधल्या शाफ्टवर आणि कॅमवर. बेल्टवर बाण असेल तर तो काट्यांच्या दिशेने.

सुरुवात क्रँकपासून. जोडरेषा क्रँकच्या खुणेवर बसवा आणि तिथे बेल्ट अंगठ्याने दाबून धरा. तिथून उजवीकडे मधल्या शाफ्टवर न्या. ताठ ओढून खुणेवर दात बसतो का बघा. नेमका अर्धा दात पुढेमागे येत असेल तर झोल देऊन जबरदस्तीने बसवू नका. मधला शाफ्ट बोल्टने किंचित फिरवून दात खाचेत पडू द्या. मग तसाच ताठ ठेवून वर कॅमवर, कॅमही तेवढाच किंचित हलवून. क्रँकपासून कॅमपर्यंतची उजवी बाजू सतारीच्या तारेसारखी सरळ हवी. उरलेला सगळा झोल डावीकडे, शेवटी रोलरवर.

बहुतेक चुका इथेच होतात. वर कॅम जुळवण्याच्या नादात खाली मधल्या शाफ्टवर बेल्ट एक दात उडी मारतो आणि नजर वर असल्याने कळत नाही. म्हणून कॅमवर बेल्ट चढला की लगेच खाली वाकून मधली खूण परत बघा.

तिन्ही जुळल्या की खिळा ओढा. स्प्रिंग रोलरला बेल्टवर दाबेल. नट हलका आवळा. मग क्रँक काट्यांच्या दिशेने पूर्ण दोन फेरे, सावकाश. मध्ये कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका. दोन फेऱ्यांनंतर तिन्ही पुल्यांच्या खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या पाहिजेत. बेल्टवरच्या रेषा मात्र भलतीकडेच दिसतील. त्या फक्त चढवतानाच्या सोयीसाठी असतात, फिरवल्यावर त्यांचं काम संपलं. त्या जुळत नाहीत म्हणून बरोबर बसलेला बेल्ट परत काढणारे लोक कमी नाहीत.

खुणा जुळल्या असतील तर टेन्शनरचा नट एकदा सैल करून स्प्रिंगला उरलेला झोल खाऊ द्या आणि 50 न्यूटन-मीटरला आवळा. रोलर हाताने दाबून जास्तीचा ताण देऊ नका, ताण ठरवायचं काम स्प्रिंगचं.

सिलिंडर हेड पूर्वी तासलेलं असेल तर कॅमची खूण दाताच्या छोट्या भागाने मागे दिसेल, कारण कॅम क्रँकच्या जवळ आला आहे. एवढा फरक चालतो. एक दात पुढे केलात तर खूण दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त जाते, ते करू नका.

बंद करणं

खालचं कव्हर, मग पुली. मधला बोल्ट बी-21 आणि बी-23 ला 165 न्यूटन-मीटर. बी-230 ला आधी 60 न्यूटन-मीटर, मग आणखी 60 अंश. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. वरचं कव्हर बसवण्यापूर्वी आणखी दोन फेरे फिरवून कॅम आणि रोटर बघा. व्ही-बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 5 ते 10 मिमी दबला की पुरे.

चालू केल्यावर काहीतरी खटकतंय

कॅम एक दात मागे राहिला असेल तर गाडी चालू होते, पण खालच्या वेगाला मरगळलेली वाटते. चढावर दम लागतो, वर गेल्यावर जरा बरी ओढते. एक दात पुढे असेल तर उलट: निघताना चपळ, वर गळपटते. कॅमवरचा एक दात म्हणजे क्रँकवर 15 अंशांहून जास्त फरक, त्यामुळे ‘थोडंसं हुकलंय, चालेल’ असं इथे काही नसतं.

मधला शाफ्ट हुकला तर काय होतं ते इग्निशनवर अवलंबून आहे. 1989 च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत स्पार्कची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवतो. टायमिंग लाइट (स्पार्कची वेळ दाखवणारा दिवा) लावली तर आकडा खूप दूर दिसतो, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून जुळवायला गेलात तर तो खाचेच्या टोकाला अडकतो. कसाबसा जुळलाच, तर चूक झाकली जाते एवढंच. 1989 पासूनच्या बी-230 एफ वर वेळ फ्लायव्हीलजवळचा सेन्सर ठरवतो, डिस्ट्रिब्युटर फक्त स्पार्क वाटतो. तिथे लाइटवर सगळं ठीक दिसतं, पण रोटर टोपीतल्या टोकासमोर नसतानाच स्पार्क उडतो. गाडी भाराखाली, विशेषतः पावसाळी दमट हवेत, ठसकते. टोपी उघडून टोकांवर जळल्याच्या खुणा एका कडेला सरकलेल्या दिसल्या, तर बेल्टचं कव्हर परत काढा. सुरुवातीला काढलेला रोटरचा फोटो आता कामाला येतो.

चालू झाल्यावर बेल्टमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर बेल्ट जास्त ताणला गेला आहे. कव्हरावर थपथप आवाज असेल तर सैल आहे, किंवा नट आवळायच्या आधी स्प्रिंग मोकळी झालीच नव्हती.

1000 किलोमीटरनंतर

नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा वाढतो. साधारण 1000 किमी झाले की इंजिन थंड असताना पहिला सिलिंडर वर आणा. कव्हरवर टेन्शनरच्या नटासमोर एक रबरी बूच आहे, ते काढा. त्या भोकातून 17 चा सॉकेट घालून नट एक फेरा सैल करा, स्प्रिंगला झोल घेऊ द्या, आणि परत 50 न्यूटन-मीटरला आवळा. नट जास्त सैल करू नका. तो कव्हरामागे पडला तर खालचं सगळं परत उघडावं लागतं. बूच जागेवर घट्ट बसवा. त्याच्या भोकातून रस्त्यावरची खडी आत गेली की ती थेट क्रँकच्या पुलीच्या दातांत जाऊन बसते.